वाशिष्ठीच्या खाडीत होडी आणि गळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की मुंबई-पुण्याचे मित्र, त्यांचे मित्र आणि त्यांचे ऑफिसातले सहकारी सगळे एकच विचारतात: चिपळूणच्या खाडीत होडीतून फिरायचंय, जमलं तर मासेही गरवायचेत, कसं करू? दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पुढच्या प्रश्नांत मागच्यांचे दाखले आहेत, त्यामुळे क्रमानं वाचलंत तर सोपं जाईल. घाई असेल तर निदान ४ आणि ७ वाचा.

१. दाभोळची खाडी आणि वाशिष्ठी नदी वेगळ्या का? खाडी नेमकी कुठून कुठपर्यंत?

पाणी एकच. सह्याद्रीतून उतरून चिपळूण शहरातून जाणारी वाशिष्ठी पुढे दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. जिथवर भरतीचं पाणी चढतं तिथवर ती खाडी. केंद्र सरकारच्या यादीत हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ आहे आणि त्याची लांबी साधारण ४५ किलोमीटर धरली आहे. वाटेत खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते. मुखाशी उत्तरेला दापोली तालुक्यातलं दाभोळ, दक्षिणेला गुहागर तालुक्यातलं धोपावे आणि अंजनवेल. चिपळूणच्या बाजूनं पाण्यात उतरायची ओळखीची जागा म्हणजे गोवळकोटचा धक्का. मालदोली हे मधलं गाव, तिथून मगरी दाखवायला होड्या जातात.

२. आम्ही पहिल्यांदाच येतोय. गोवळकोट ते दाभोळ एका दिवसात वल्हवत जाऊ का?

नका जाऊ. नुसता हिशेब केलात तरी ते जमत नाही. ओहोटी सहा तासांची. त्यातला सुरुवातीचा आणि शेवटचा तास पाणी जेमतेम हलतं. प्रवाह सरासरी ताशी दोन-तीन किलोमीटर धरला आणि वल्ह्यानं तितकीच भर घातली, तरी पंचवीस-तीस किलोमीटरवर ओहोटी संपते आणि समोरून भरती येते. वर दुपारचा वारा तोंडावर.

त्यापेक्षा दोन टप्पे वेगळे समजा. वरचा टप्पा: गोवळकोटहून खाली मालदोलीच्या दिशेनं. पाणी अरुंद, दोन्ही काठांना झाडी, मगरी, पक्षी. खालचा टप्पा: दाभोळहून आत वर. पाणी रुंद, खारेपणा जास्त, मोठा मासा लागण्याची आशा जास्त, पण वारा आणि लाटाही जास्त. पहिल्या खेपेला वरचा टप्पा घ्या, इंजिन असलेली होडी ठरवा, आणि इंजिन बंद करून ओहोटीबरोबर वाहत जा. खरी मजा त्या वाहण्यात आहे. इंजिनाच्या आवाजात खाडी दिसते, पण ऐकू येत नाही.

३. कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात ऊन भाजून काढतं आणि पाणी अजून गढूळ असतं. मार्चपासून दुपारचा खारा वारा जोर धरतो. एप्रिल-मेमध्ये यायचंच असेल तर उजाडता पाण्यात आणि अकराला बाहेर, असं ठरवून या. पावसाळ्यात अजिबात नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात ह्याच नदीनं चिपळूण बाजारपेठेत काय केलं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे. पर्यटकांच्या होड्याही त्या काळात बंद असतात.

४. तारीख कशी ठरवायची? आम्हाला शनिवार-रविवारच सुट्टी असते.

हरकत नाही, शनिवारीच या. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या शनिवारी तिथी कोणती आहे ते आधी बघा आणि टप्पा त्यावरून ठरवा. बहुतेकांची सहल फसते ती इथेच. आधी हॉटेल ठरतं, मग गाडी, मग होडी, आणि पाणी कुठे असेल हे कुणी विचारतच नाही.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. दोन्ही पक्षांना हाच नियम. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होणारच. बेत आखायला तेवढं पुरतं, प्रत्यक्ष निघताना मात्र भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघा.

आता ह्यात वारा मिसळा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो. अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि खाडीतून वर शिरतो. ओहोटीचं पाणी खाली जात असताना वारा वर येत असेल तर दोघांची टक्कर होऊन आखूड, उभ्या लाटा उठतात. छोट्या होडीत सगळे भिजतात आणि मळमळतं ते वेगळंच. म्हणून:

सप्तमी ते नवमीला वरचा टप्पा घ्या. समुद्रावर भरती पहाटे पाच ते सातच्या दरम्यान पूर्ण होते, गोवळकोटला ती उशिरा पोचते (प्रश्न ५ बघा), म्हणजे साताच्या आसपास निघालात की वारा सुटेपर्यंत सकाळभर ओहोटी तुमच्या बाजूनं. शिवाय हे दिवस भांगाचे असतात. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढ कमी. नवशिक्यांना ह्याहून बरे दिवस नाहीत.

त्रयोदशीपासून अमावास्या किंवा पौर्णिमा धरून द्वितीयेपर्यंत खालचा टप्पा घ्या. तेव्हा भरती साडेनऊ ते दीडच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे सकाळचं पाणी समुद्राकडून आत चढत असतं. दाभोळहून निघा आणि भरतीबरोबर वर या. दुपारचा वाराही पाठीवरच येतो. मात्र हे उधाणाचे दिवस, पाण्याला ओढ जबरदस्त, त्यामुळे तांडेल (होडी चालवणारा मुख्य नावाडी) स्थानिकच हवा. परतीचा प्रवास ओहोटी आणि वारा यांच्या टकरीतून करावा लागू नये म्हणून वरच्याच एखाद्या धक्क्यावर उतरा आणि गाडी तिथे मागवा.

चंद्राच्या ह्या दोन अवस्थांमध्ये आठवड्याभराचं अंतर असतं. म्हणजे ह्या शनिवारी अष्टमी असेल तर पुढच्या शनिवारी पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ असणार. दोन्हीपैकी एक टप्पा बहुतेक शनिवारी जमतो. अडनिड्या तिथी राहतात त्या चतुर्थी-पंचमी आणि एकादशी-द्वादशीच्या. चतुर्थीला खालचा टप्पा उन्हातान्हात का होईना, होऊ शकतो. एकादशीला वरच्या टप्प्यावर निघायलाच दहा वाजतात आणि वारा तोंडावर येतो. त्या दिवशी सरळ परशुरामाचं दर्शन घ्या, घाटातून खाली वाशिष्ठीचं खोरं सुरेख दिसतं.

५. मोबाइलवर मुंबईची भरतीची वेळ पाहिली, पण गोवळकोटला पाणी तेव्हा चढलेलंच नव्हतं. असं का?

कारण भरती मुखाशी आधी येते आणि मग चढत चढत आत जाते. मुखाशी पाणी भरलं तरी पार वरच्या टोकाला ते भरायला तास-दीड तास जास्त लागू शकतो. नेमकं किती, ते त्या दिवसाच्या उधाणावर आणि नदीतून वरून किती पाणी येतंय त्यावर ठरतं. मुंबईच्या आकड्यांत आणखी एक गोम आहे. भरती-ओहोटीतला फरक किनाऱ्यानं दक्षिणेकडे जावं तसा कमी होत जातो. मुंबईच्या उधाणाला साडेचार-पाच मीटरचे आकडे दिसतात, इथे तेवढं पाणी चढत नाही. तेव्हा कोष्टक दाभोळचं किंवा रत्नागिरीचं बघा, आणि वरच्या टप्प्यासाठी होडीवाल्याला एवढंच विचारा: "उद्या पाणी कधी फिरतंय?" तो सांगेल ती वेळ कुठल्याही ॲपपेक्षा खरी.

६. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटतात, मग वाशिष्ठीला मे महिन्यातही गोडं पाणी कुठून येतं?

कोयनेतून. कोयना धरणाचं पाणी पोफळीच्या बाजूला बोगद्यांतून उतरवून वीज तयार करतात आणि मग ते पाणी वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणी वाटप लवादानं पश्चिमेकडे वळवायला दिलेला वाटा वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, म्हणजे हे पाणी काही थोडंथोडकं नाही.

गरवायला येणाऱ्यांना ह्याचे दोन परिणाम जाणवतात. वीजनिर्मिती जोरात असली की वरच्या टप्प्यात ओहोटी लांबते आणि भरतीचा जोर मोडतो. सकाळी कोष्टकाप्रमाणे पाणी थांबायला हवं तेव्हाही ते खालीच वाहत असतं. दुसरं म्हणजे वरच्या भागात खारेपणा कमी राहतो, त्यामुळे गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातले मासे तिथे वर्षभर सापडतात. मगरींनाही हे मानवतं.

७. मगरी खरंच आहेत का? आणि आहेत तर तिथे मासे गरवायला जाणं शहाणपणाचं आहे का?

आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत. ह्या मगरी गोड्या पाण्यातल्या जातीच्या असल्या तरी निमखाऱ्या पाण्यात मजेत राहतात. मुखाकडे क्वचित, वरच्या टप्प्यात हमखास. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर रात्री चालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ देशभर फिरला.

हिवाळ्याच्या सकाळी ओहोटीनं चिखलाचे काठ उघडे पडले की त्या अंग शेकायला वर येतात. म्हणजे प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या अष्टमीच्या बेतात त्या दिसण्याची संधी सर्वात चांगली. होडीतून, अंतर राखून, इंजिन हळू ठेवून बघा. पंचवीस-तीस मीटरांच्या आत जाऊ नका. फोटोसाठी "थोडं जवळ घ्या ना" म्हणणारा प्रत्येक गटात एक असतोच. होडीवाल्यानं नाही म्हटलं की विषय संपला.

गरवताना पाळायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. हात-पाय पाण्यात सोडून बसायचं नाही. वरच्या टप्प्यात पोहायचं नाही, कंबरभर पाण्यात उभं राहून गळ टाकायचा नाही. मासे होडीतच साफ करून आतडी पाण्यात फेकायची नाहीत, त्या वासानं मगर होडीजवळ येते आणि पुढच्या होडीवाल्याला त्रास होतो. कुत्रा घरी ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये माद्या काठावर खड्डा करून अंडी घालतात आणि त्या जागेची राखण करतात. त्या दिवसांत अनोळखी काठावर उतरणं म्हणजे संकटाला आमंत्रण. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला दगड मारणं, कोंबडी दाखवून बोलावणं हे गुन्हे आहेत.

८. माझ्याकडे स्वतःची कयाक आहे. ती आणू का?

खालच्या टप्प्यात, भांगाच्या दिवशी, सकाळी, सोबत इंजिनाची होडी असेल तर आणा. वरच्या टप्प्यात माझं उत्तर नाही असंच आहे. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या पातळीवर बसतो आणि मगर तिला होडी समजते की आणखी काही, हे तपासून बघायची गरज नाही. हवा भरून फुगवायच्या कयाक तर कुठेच नकोत. खडकांना आणि कांदळाच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात.

९. होडी कशी ठरवायची? दर काय?

दर मी लिहीत नाही. इंधनाचा भाव, माणसं आणि वेळ यांवर तो दर हंगामात बदलतो. मात्र चार गोष्टी होडीत पाय ठेवायच्या आधी बोलून घ्या: पैसे तासावर की फेरीवर, इंजिन बंद करून वाहत जायचा वेळ त्यात धरला आहे का, गळ आणि आमिष त्यांचं की तुमचं, आणि पकडलेला मासा कुणाचा. शेवटच्या मुद्द्यावर उगाच घासाघीस करू नका. खाडीवर पोट असलेल्या भोई, खारवी, दालदी कुटुंबांतली ही माणसं. तुमची हौस त्यांच्या कामाच्या दिवसातून कापलेली असते.

होडीची नोंदणी आहे का आणि डोकी मोजून तेवढी लाइफ जॅकेटं आहेत का, हे बघा. जॅकेट बाकाखाली ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं, पोहता येत असलं तरी. मासे धरायची पाती (छोटी होडी) आणि माणसं न्यायची होडी यांत फरक आहे. प्रवासी होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. आठ जणांना छोट्या पातीत कोंबायला कुणी तयार झालाच तर तुम्ही तयार होऊ नका.

१०. गळाला कोणते मासे लागतात?

सगळ्यांना हवा असतो जिताडा. तो मिळतोही, पण रोज नाही. तांबोशी त्याहून जास्त भेटते, कांदळाच्या मुळांजवळ आणि खडकांच्या आडोशाला. शेंगटी म्हणजे शिंगाळा नको असतानाही लागतो. त्याशिवाय गोबरा, पालू, रेणव्या, काळुंदर. बोय पाण्यावर उड्या मारताना सतत दिसते पण गळाला फारशी येत नाही. तिला पाग (हातानं फेकायचं गोल जाळं) टाकूनच धरतात, आणि पाग टाकणं बघायला मिळालं तर गळ बाजूला ठेवून बघा.

जिताड्याची एक गंमत अशी की तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे तुमच्या हाती लागलेला मोठा धूड जिताडा बहुधा अंडी घालणारी मादी असते. तांबोशीचं उलट: खाडीत असतात ती तिची पोरं, मोठी झाली की ती समुद्रात निघून जातात. वीतभर तांबोशी पिशवीत टाकणाऱ्यांना मी हे हमखास ऐकवतो. खायला मधल्या मापाचा मासा सगळ्यात चवदार लागतो, फोटोला मोठा लागतो. फोटो काढा आणि सोडा.

११. गळाचं सामान काय आणू? महागडा रॉड लागतो का?

लागत नाही. खाडीतले जुने लोक हातातच तंगूस (गळाची नायलॉन दोरी) धरून बसतात आणि रॉडवाल्यांपेक्षा जास्त मासे नेतात. तंगूस, शिसं, दोन-तीन मापांच्या गऱ्या (गळाचे आकडे), एक चिमटा, एक बोथट सुरी. एवढ्यावर काम होतं. रॉड आणायचाच तर मध्यम ताकदीचा आणा. गरीजवळचा हातभर भाग जाड तंगुसाचा ठेवा. जिताड्याच्या कल्ल्यांच्या कडा इतक्या तीक्ष्ण असतात की बारीक तंगूस क्षणात कापली जाते. तांबोशी गरी गिळली की थेट मुळांत घुसते, तिथेही जाडच हवी.

आमिषाला जिवंत कोलंबी सर्वात उत्तम, सकाळी होडीवाल्याकडेच मिळते. तारलीचे तुकडे चालतात. काळुंदराला गांडूळ किंवा कणकेची गोळी. रबरी मासे, चमचे वगैरे परदेशी प्रकार चालतात, पण गढूळ पाण्यात वासाचं आमिष पुढे असतं.

१२. मासा भरतीला लागतो की ओहोटीला?

पाणी फिरतं तेव्हा. भरती-ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. तेव्हा उधाणाच्या दिवशी तर शिसंसुद्धा तळाला ठरत नाही. आधीचा आणि नंतरचा तास-दीड तास कामाचा. ओहोटीच्या शेवटी कांदळवनातून खाडीत उतरणाऱ्या छोट्या वहाळांच्या तोंडाशी होडी नांगरा. आतली कोलंबी आणि बारीक मासे पाण्याबरोबर बाहेर यायला लागतात आणि मोठे मासे तिथे वाट बघत असतात. भरती सुरू झाली की खडकांच्या कडा.

१३. परवाना लागतो का? आणि मासेमारी बंदीत गळ टाकता येतो का?

धरणांत आणि तलावांत मासेमारीचा ठेका सहसा संस्थांना दिलेला असतो, तिथे परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही. खाडीत गावच्या मच्छीमार सोसायटीला किंवा निदान होडीवाल्याला विचारून बसा. बंदी वेगळी गोष्ट. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली दर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, पारंपरिक बिगर-यांत्रिक होड्यांना सूट असते. आदेश दर वर्षी निघतो, तो बघून घ्या. पण तुम्ही सूट शोधू नका. तो काळ माशांच्या विणीचा आहे आणि पाणीही जीवघेणं असतं (प्रश्न ३).

लहान माशांबद्दलही नियम आहे: २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरवून दिलं. ब्लीचिंग पावडर, सुरुंग, विजेचा झटका वगैरे प्रकार कुठेही, कधीही गुन्हा.

१४. मग जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे धरतात त्याचं काय? आजोळी तर सगळेच जातात.

जातात, खरं आहे, आणि त्या रात्रींची ओढ मलाही ठाऊक आहे. पहिल्या पावसानं वहाळ वाहायला लागले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ते अंडी घालायला. पोटात गाबोळी भरलेली असते. पूर्वी गावातली चार माणसं पाटी-टोपलीनं धरायची तेव्हा निभावत होतं. आता शहरातून गाड्या भरून येतात, टॉर्च, जाळी, पावडर, आणि वहाळच्या वहाळ रिकामे होतात. आजोळच्या माणसांबरोबर एखाद्या कालवणापुरते धरा, हे मी समजू शकतो. त्यासाठी मुंबईहून सहल काढू नका.

१५. खाडीत मध्येच लावलेल्या जाळ्यांजवळ गरवलं तर चालेल?

नाही. खुंटाला बांधलेलं जाळं किंवा पाण्यावर तरंगणारे थर्माकोलचे तुकडे, बाटल्या दिसल्या तर ती कुणाची तरी रोजी आहे. लांबून वळसा घाला. गरी जाळ्यात अडकलीच तर ओढू नका, तंगूस कापा.

१६. घरचे म्हणतात अमावास्येला पाण्यात जायचं नाही. ऐकायचं का?

कारण कोणतंही द्या, सल्ला वाईट नाही. अमावास्येला उधाण असतं, पाण्याची ओढ सर्वात जास्त, रात्री काळोख. रात्रीच्या होडीला मी अमावास्येला हो म्हणणार नाही. दिवसा, जाणत्या तांडेलाबरोबर, खालच्या टप्प्यात जायला हरकत नाही. चिंबोऱ्यांचे शौकीन तर अमावास्येचीच वाट बघतात: तेव्हा चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, असं किनाऱ्यावर सगळेच मानतात. पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी मात्र कुठल्याही तिथीला सोडून द्यायची.

१७. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर काय करायचं?

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे दोन काटे, पाकटाच्या शेपटीचा काटा, सगळे विषारी. दुखणं भयंकर असतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात (साधारण ४५ अंश, भाजेल इतकं नाही) तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी बरोबर ठेवा, चहालाही होतं. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, पाकटाचा काटा पोटात किंवा छातीत लागला असेल तर उपटू नका, थेट दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच. आणि केंड मासा लागला, पोट फुगवलेला, तर तो गंमत म्हणूनही घरी नेऊ नका. त्याचं विष शिजवून जात नाही.

१८. खाडीत कारखान्यांचं पाणी सोडतात असं वाचलं. मासे खावेत का?

लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचं सांडपाणी आणि त्यानंतर तरंगणारे मेलेले मासे हा इथल्या मच्छीमारांचा अनेक वर्षांचा लढा आहे. तुम्ही एक दिवस येता, ते रोज त्याच पाण्यात असतात. तुमच्यापुरतं सांगायचं तर: पाण्याला फेस किंवा उग्र वास असेल, मासे सुस्त वर येऊन तोंडं उघडत असतील, तर त्या दिवशी गळ गुंडाळा. काठाला लागलेला मेलेला मासा कितीही ताजा दिसला तरी उचलू नका. होडीवाला ज्या भागातला मासा घरी नेत नाही, त्या भागातला तुम्हीही नेऊ नका.

१९. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर आहेत. जमेल?

भांगाच्या सकाळी, वरच्या टप्प्यात, दोन-अडीच तासांसाठी जमेल. मुलांच्या मापाची जॅकेटं होडीवाल्याकडे नसतात, तुम्हीच आणा. ओहोटीला धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरणं म्हाताऱ्या माणसांना अवघड जातं, म्हणून चढ-उतार भरतीला होईल असं बघा. गळ टाकून गप्प बसणं मुलांना अर्ध्या तासापलीकडे जमत नाही. त्यांना दुर्बीण द्या: खंड्या, बगळे, ब्राह्मणी घारी, नशीब असेल तर पाणमांजरांचा कळप. त्यापेक्षाही सोपं हवं असेल तर दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे. गाडीसकट पलीकडे जा, अंजनवेलचा गोपाळगड बघा, परत या. दाभोळ हे मोठं नावाजलेलं बंदर होतं, १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं ते लुटून जाळलं. आदिलशाहीतली जुनी मशीद अजून उभी आहे.

२०. काठावर उतरून चूल पेटवली, मासे भाजले तर?

कांदळवनात नाही. तिवर, कांदळ, चिपी ही झाडं तोडायला बंदी आहे, सुकलेल्या फांद्याही नका घेऊ. गावाच्या बाजूला, कुणाच्या तरी अंगणात, विचारून. घरच्या बाईंना मासे दिलेत तर त्या तुमच्यापेक्षा बरंच करतील, आणि त्याचे पैसे द्या.

२१. होडी मधेच गाळात बसली तर?

भांगाच्या ओहोटीत हे होतं, उधाणाच्या ओहोटीत जास्त होतं. लगेच कळलं तर सगळे एका बाजूला सरका आणि वल्ह्यानं मागे रेटा. इंजिन जोरात फिरवू नका, पंख्यात चिखल जातो. दोन-चार मिनिटांत निघाली नाही तर प्रयत्न सोडा. खाली उतरून ढकलायला जाऊ नका: गाळ मांडीपर्यंत ओढतो, तळाशी कालवं असतात, आणि वरच्या टप्प्यात बाकीचं कारण प्रश्न ७ मध्ये आहे. नांगर टाका, गावात फोन करा, भरती यायची वाट बघा. म्हणूनच माणशी तीन लिटर पाणी, टोपी, डोक्याला बांधायचा दिवा आणि चार्ज असलेला मोबाइल घ्या म्हणून सांगतो. माणूस पाण्यात पडला, कुणी जखमी झालं तर ११२. मुखाबाहेर समुद्राकडे अडकलात तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. मगर गावात किंवा जाळ्यात सापडलेली दिसली तर वनखात्याचा १९२६. हे नंबर होडीत बसायच्या आधी मोबाइलमध्ये टाका, खाडीच्या काही वळणांवर इंटरनेट मिळत नाही.